दोन बोटं पाडांगकडे

इंडोनेशियातल्या आमच्या मेंतावाई बेटावर, रोसिनामावशीच्या अंगणात मी जमिनीची हालचाल मोजणारं यंत्र बसवलंय.

"मावशी, समुद्राखालचा खडक बेटाच्या बुडाला अडकलाय. तो बेटाला दरवर्षी दोन बोटं पाडांग शहराकडे ढकलतोय."

"बरं झालं! लेक पाडांगहून येत नाही, तर बेट तरी निघालं त्याच्याकडे."

"पण अडकलेलं सुटलं की मोठा भूकंप. दोनशे वर्षांत सरकलेलं एका मिनिटात मागे."

केळी सोलता सोलता मावशी थांबली. "म्हणजे आमच्या फोनसारखंच की! महिनाभर गोडीनं बोलायचं, आणि सुनेचा विषय निघाला की एका मिनिटात पुन्हा होतो तिथेच."

मग तिने स्वतःच फोन लावला.

"जेवलास का रे? बरं. आता तिला दे."