न उघडणारी शर्यत

टीव्हीवर पुन्हा तीच पाटी आली. ‘ही फाइल उघडता येत नाही.’

“बघा!” बाबा खुर्चीतून कडाडले. “मी म्हणत नव्हतो? याने पुन्हा घोळ घातला!”

मुलीने पेनड्राइव्ह काढला, पदराने पुसला, परत लावला. पाटी ढिम्म. मावशीचे यजमान, म्हणजे बाबांचे साडू, सोफ्याच्या कडेला मान खाली घालून बसले होते. ती त्यांना काका म्हणायची. व्हिडिओचं दुकान त्यांचं, फाइल बनवून आणणारेही तेच.

“टीव्ही जुना आहे, दादा. नवे फॉरमॅट त्याला कळत नाहीत,” काका म्हणाले.

“मागच्या वेळी फाइल जुनी होती. आता टीव्ही जुना! तू तेवढा कोरा करकरीत!”

बाबा तरातरा जेवायला गेले आणि भाजी दोनदा मागून घेतली. संतापाने त्यांना नेहमीच छान भूक लागे.

भांडण जुनं होतं. तरुणपणी दोघे एकाच कारखान्यात होते. कारखान्याच्या तरणतलावात शर्यत झाली, काका पहिले आणि बाबा दुसरे असा निकाल लागला. भिंतीला आधी हात लागला तो आपला, पंच साहेबांचा हुजऱ्या आणि साडू साहेबांचा लाडका, असं बाबा पहिल्यापासून सांगत आले होते. दोघांच्या सासऱ्यांनी ती शर्यत कॅमेऱ्यात टिपली होती. म्हणजे पुरावा घरातच होता. फक्त तो कुणाला बघता येत नव्हता.

आधी कॅसेट होती, पण ती चालवणारं यंत्र घरात नव्हतं. ते येईपर्यंत कॅसेटला बुरशी धरली. बाबा स्वतः ती काकांच्या दुकानात घेऊन बसले आणि दोघांनी मिळून ती डिस्कवर उतरवली. ती डिस्क घरच्या प्लेयरने थुंकून टाकली. मग प्लेयरच बाजारातून गेले. मग फाइल आली, तिचा आवाज यायचा पण चित्र यायचं नाही. माणसाने आयुष्यभर एखादी गोष्ट जपायची आणि कंपन्यांनी दर चार दिवसांनी ती उघडायची कुलपं बदलायची, हा कुठला न्याय? वर आपल्यालाच म्हणायचं, तुमचं यंत्र जुनं झालं!

“दुसऱ्या दुकानात देऊ या,” असं मुलगी अनेकदा म्हणाली होती.

“परक्याच्या हातात? हरवली तर?” बाबा म्हणायचे. “याने बिघडवलंय, यानेच नीट करायचं.”

पुढच्या रविवारी बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. सगळं गणगोत जमणार होतं. त्या सगळ्यांसमोर शर्यत लावायची आणि बाबांवरचा अन्याय एकदाचा धुऊन काढायचा, असं तिने ठरवून टाकलं होतं. या वेळी बाबांना न विचारता ती पेनड्राइव्ह ऑफिसात घेऊन गेली.

तिथे प्रशिक्षणाच्या फिल्मचं एडिटिंग करणारा एक सहकारी होता. त्याने फाइल बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

“ही तुम्हाला कुणी दिली?”

“का हो?”

“आधी ही साध्या फॉरमॅटमध्ये होती, कुठल्याही टीव्हीवर चालली असती. कुणीतरी मुद्दाम ती अशा प्रकारात नेलीय, जो आता कुणीच वापरत नाही. माझ्याकडेही उघडत नाही. हे चुकून होत नाही हं. त्यासाठी शोधाशोध करावी लागते.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बाबा खरं बोलत होते! इतकी वर्षं बाबा हट्टी, बाबा भांडखोर असं सगळे म्हणत आले. तीही मनातल्या मनात तेच म्हणत आली. आणि हा साळसूद माणूस त्यांच्याच ताटात जेवून पुरावा दाबत बसला होता!

तिने त्याच दिवशी नवा टीव्ही घेतला, घरी पाठवून दिला आणि स्वतः थेट काकांच्या दुकानात धडकली.

काका एक यंत्र उघडून बसले होते. दोन्ही हात तेलाने बरबटलेले. बाजूला शर्यतीचा चषक होता, त्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हर खोचून ठेवले होते. ते बघून ती आणखीच भडकली.

“काका, फाइल तुम्ही मुद्दाम बिघडवलीत.”

काकांनी वर पाहिलं. “हो.”

“लाज नाही वाटत? बाबांचा हात आधी लागला होता, म्हणूनच ना? त्या एका चषकासाठी तुम्ही त्यांना जन्मभर खोटं पाडलंत!”

“तू घरी जा, पोरी.”

“जाते. पण मूळ फाइल घेऊन जाते. नवा टीव्ही घेतलाय मी. जगातला कुठलाही फॉरमॅट चालतो त्याच्यावर. रविवारी सगळ्यांसमोर लावणार आहे!”

काकांचा चेहरा पडला. “तो टीव्ही परत नाही का करता येणार?”

ती काही बोलणार इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. हात बरबटलेले म्हणून काकांनी सवयीने कोपराने स्पीकरचं बटण दाबलं.

“अरे ऐक,” बाबांचा दबका आवाज दुकानभर पसरला. “पोरीने नवा टीव्ही पाठवलाय. तो म्हणे काहीही उघडतो. आता तुझ्या जुन्या युक्त्या चालायच्या नाहीत. तुझा हात भिंतीला लागला तेव्हा मी चांगला दोन हात मागे होतो, हे पोरीने बघितलं तर मी तोंड कुठे दाखवू? काहीतरी नवीन शोधून काढ बाबा. आणि हो, रविवारी मी नेहमीसारखा तुला चोर म्हणेन, तू नेहमीसारखी मान खाली घाल.”