चराईबंदी

टिटव्यांची अंडी पायाखाली जातात म्हणून धरणातल्या बेटावर चराई बंद झाली. तिथंच शेळ्या चारून जगणाऱ्या वच्छलाबाईला त्या सगळ्या विकाव्या लागल्या.

दोन वर्षांत बेटावर कमरेएवढं गवत माजलं. टिटवी मात्र एकही दिसेना. बंदी घालणारे साहेबच तिच्या दारात आले.

"मावशी, टिटव्या गेल्या कुठं?"

"आता इचारायलात व्हय, साहेब? टिटवी उघड्या भुईवर अंडी घालती. येवढ्या गवतात तिला कुत्रं आलेलं तरी दिसंल का? माज्या शेळ्या व्हत्या तवर रान मोकळं व्हतं."

साहेबांनी मान डोलावून सगळं लिहून घेतलं.

आठ दिवसांनी बेटावरचं गवत कापायचा हुकूम निघाला. मजुरांच्या यादीत पहिलं नाव वच्छलाबाईचं होतं. विळा तिनं घरूनच आणायचा होता.