काज करायचं मशीन
छोट्या कंपनीला अकाउंटंट कशाला, मिरवायला, असं मीच म्हणाले होते. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण कपडे शिवायचा धंदा मी तोंडी हिशेबावर उभा केला. आता मुलाने त्या धंद्याची लिमिटेड कंपनी केली. त्याने बोलावलेली अकाउंटंट पोरगी कारखान्यातल्या वस्तूंची यादी करू लागली. "हे काज करायचं मशीन कुणाचं?" "घरचं," मुलगा म्हणाला. "घर वेगळं, कंपनी वेगळी. माणसाचं नाव सांगा." त्याने माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात सून बटणं लावत होती. "सुनेचं," मी म्हणाले. "लग्नाआधी स्वतःच्या कमाईतून घेतलंय." "मग कंपनीने ते विकत घ्यावं, नाहीतर त्यांना शेअर द्यावेत," पोरगी म्हणाली. "बायको काय परकी आहे?" मुलगा उसळला. "नाही ना? मग तुझे शेअर कर की तिच्या नावावर!" मी म्हणाले. सुनेने सुई ठेवली आणि पोरीला विचारलं, "ताई, पुन्हा कधी येणार?"