देऊळवाड्याचा स्टॉप

आनंदव्हाळच्या स्टॉपवर एका बाईनं हात वर केला आणि स्टॅनलीचे पाय आपोआप मंदावले. डावा पाय तर क्लच दाबावा तसा रस्त्यात रुतलाच.

"अरे डायवर, थांबतस कित्याक?" शेजारून स्कूटर चालवणारा सत्यवान ओरडला. "तिका खंय जावचा नाय. तुका टाटा करता ती."

स्टॅनली ओशाळला आणि त्यानं पुन्हा वेग धरला.

चौके ते मालवण बंदर, अशी ही नाताळच्या सुट्टीतली शर्यत. निवृत्त झाल्यापासून तो दरवर्षी धावत होता आणि दरवर्षी एक तासाच्या अगदी काठावर येऊन हुकत होता. गेल्या खेपेला तर बंदरावरचं घड्याळ त्याच्या डोळ्यांदेखत पुढं सरकलं होतं. क्लचनं झिजवलेल्या डाव्या गुडघ्याला डॉक्टरांनी आता एवढी एकच शर्यत दिली होती. यानंतर फक्त चालायचं. तासाच्या आत यायचं तर आजच.

आणि आज पाय असे काही सुटले होते की त्याचं त्यालाच खरं वाटेना. गार वारा, आंब्यांची सावली, छाती कशी नव्या इंजिनासारखी चाललेली. पण याच रस्त्यावर त्यानं आयुष्यभर एसटी चालवली होती. हात केलेलं माणूस मागे टाकून स्टॅनलीची गाडी कधी गेली नव्हती, चतुर्थीच्या गर्दीतसुद्धा नाही. आज लोक कौतुकानं स्टॉपवर येऊन उभे होते. लांबूनच त्याला ओळखत होते आणि हात वर करत होते.

कुंभारमाठला पुन्हा तेच. नातीला कडेवर घेतलेल्या म्हाताऱ्यानं हात केला, आणि स्टॅनली रस्त्याच्या डाव्या कडेला जाऊन चक्क उभा राहिला.

सत्यवानानं दोनदा हॉर्न वाजवला. कंडक्टर म्हणून त्याची उभी नोकरी स्टॅनलीच्या गाडीवर गेली होती, आणि आज धावणाऱ्यांना पाणी द्यायचं काम त्यानं मुद्दाम मागून घेतलं होतं. डबल बेल मिळाली तसा स्टॅनली हलला.

"कंडक्टर, टायम काय झालो?"

"टायम इचारू नको. स्टॉप सोड, मगे तासात पोचतलस."

"हात केलेल्याक सोडून जावक पाय उठणत नाय रे."

 सत्यवान पाण्याची बाटली त्याच्या हातात कोंबून स्कूटर पिटाळत पुढं निघून गेला.

रागावला असणार, स्टॅनलीला वाटलं. रागावण्यासारखंच होतं. पण दुःख करत बसायला सवड नव्हती. उतार लागला होता आणि पाय वाऱ्यावर होते. पुढचा एक तरुण मागे पडला, मग आणखी एक. आता मध्ये फक्त देऊळवाड्याचा स्टॉप. त्यानंतर बाजार आणि बंदर. स्टॉपला नेहमी होते त्याहून दुप्पट गर्दी त्याला वळणावरूनच दिसली.

शर्यतीमुळे गाड्या अडल्या होत्या. माणसं रस्त्याच्या कडेला दाटीनं उभी होती. नाताळच्या नव्या कपड्यातल्या फ्लाव्हिया टीचर, त्यांच्या शाळेतली मुलं, दुकानदार, आणि सगळ्यांच्या पुढं मासेवाली काशीबाई. रोज सकाळी स्टॅनलीच्या गाडीला पहिला हात तिचाच असे.

कुणीच हात केला नाही.

टाळी नाही, हाक नाही. जो तो हात पाठीमागे बांधून उभा. फ्लाव्हिया टीचरनी दोन पोरांची मनगटं घट्ट धरून ठेवली होती. काशीबाई तर मैलाच्या दगडावर बसली होती, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. स्टॅनलीच्या मनात चर्र झालं. एवढे ओळखीचे लोक, आणि एकालाही आनंद नाही?

मग त्याला त्यांचे डोळे दिसले. काशीबाईचे तर हसू दाबून दाबून आता बाहेर पडतात की काय असे झाले होते. गर्दीच्या मागे सत्यवान, स्कूटरच्या सीटवर उभा, ओठांवर बोट ठेवून.

स्टॅनली त्यांच्यासमोरून सुसाट निघून गेला. ब्रेक नाही, क्लच नाही. मागे स्टॉपवर एकदम केवढा तरी गलका उसळला, पण तोवर तो बाजाराच्या वळणाला लागला होता. दुकानं, सायकली, माशांचा वास सगळं मागे पळत होतं. बंदरावरचं घड्याळ दिसलं तेव्हा त्यानं बघितलंच नाही त्याकडे. रेघ ओलांडल्यावर बघितलं. तासाला अजून पाव मिनिट बाकी होतं.

तो वाळूत बसून हसत होता, मध्येच खोकत होता, पुन्हा हसत होता. तेवढ्यात सत्यवानाची स्कूटर आली. मागून काशीबाई उतरली. माशांची पाटी स्टॉपवर कुणाच्या तरी हवाली करून आली होती.

"मेल्या," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माका स्टॉपवर सोडून गेलस."

आणि मग वळून, बंदरावर जो भेटेल त्याला थांबवून, स्टॅनली आपल्याला कसा मागे टाकून गेला ते सांगत सुटली.