भीतीची खुर्ची

उन्हाळी स्पर्धेत ओवीने कड्यावरून सायकलसकट स्वतःला झोकून दिलं, तेव्हा तिची भीती खाली खुर्चीत बसलेल्या तिच्या आईच्या, कुंदाताईंच्या अंगात उतरली होती. नियमच तसा होता: खेळाडूची भीती काढून घेता येते, पण ती घरच्याच कुणीतरी सोसायची. त्यानंतर कित्येक दिवस कुंदाताईंना घराचा जिनासुद्धा उतरवेना.

आता हिवाळी स्पर्धा. कपाळाला भीती ओढणाऱ्या यंत्राची पट्टी बांधून खुर्चीत बसलेल्या कुंदाताई सारखा पदराशी चाळा करत होत्या. वर बर्फाच्या कड्यावरून ओवीने स्कीवर उडी घेतली. आपणच खाली कोसळतोय असं वाटून कुंदाताईंनी खुर्चीचे हात गच्च धरले. मला भीती वाटतेय म्हणजे पोरीला वाटत नाही, एवढंच त्या घोकत राहिल्या.

ओवी सुखरूप उतरली.

"काढ रे बाबा ही पट्टी," त्या यंत्रावरच्या मुलाला म्हणाल्या. "या खेपेला भीती फारच होती."

तो घुटमळला. "काकू, यंत्र सुरूच केलं नव्हतं. ओवीनेच बजावलं होतं, आईला यातलं काही द्यायचं नाही म्हणून."

कुंदाताई धावत सुटल्या. ओवी बर्फात बसून बुटाची कडी सोडवत होती, पण तिची बोटं सारखी कडीवरून निसटत होती. त्याही खाली बसल्या.

दोघींच्या चार हातांनाही ती कडी सुटेना.