बिनआवाजाचं मशीन

"ह्यो पंखा आवाज करतो का?" शाइस्तानं चौथ्यांदा विचारलं.

सोमेशनं कपाळाला हात लावला. सोलापुरात बारा वर्षं तो कॉम्प्युटर जोडून विकत होता. गेमिंगचं मशीन घ्यायला येणारं गिऱ्हाईक आधी विचारतं, किती पळेल? ही पोरगी मात्र प्रत्येक खोक्याला कान लावत होती.

"ताई, पंखा फिरणार म्हणल्यावर थोडा आवाज होणारच की. हेडफोन लावा, झालं."

"माझे कान झाकतील. अब्बांचे कसे झाकू?"

अब्बा, म्हणजे पीरसाब, भिंतीजवळच्या स्टुलावर बसले होते. डोळे लाल, गाल बसलेले. अडतीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर चादरी विणल्या. कारखाना घराला लागूनच, मधे एक भिंत. आठ महिन्यांपूर्वी मालकानं माग भंगारात घातले आणि पीरसाबांची झोप उडाली. लोक म्हणाले, हातचं काम गेलं की माणसाला घोर लागतोच.

शाइस्तानं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. जन्मभर खडखडाट सोसलेल्या माणसाला आता तरी शांत निजता यावं म्हणून तिनं छताच्या पंख्याला तेल घातलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, मिक्सरसुद्धा शेजारी नेऊन फिरवला. घर म्हणजे एकच खोली. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी ती आता गप्प असायची. पीरसाब तरी कूस बदलत राहायचे. लेकीला वाईट वाटू नये म्हणून सकाळी म्हणायचे, "लागली होती की जरा." ते खोटं आहे हे तिला कळायचं आणि तिचा जीव तुटायचा.

आता त्याच खोलीत हे मशीन येणार होतं. पुण्याच्या एका गेमिंग टीमनं शाइस्ताला घेतलं होतं. खेळायचं घरूनच, वर पगार. दवाखान्याच्या काउंटरवर दोन वर्षं बसून साठवलेलं सगळं तिनं यासाठी काढलं होतं. टीमची अट एकच, ग्राफिक्स कार्ड मोठं पाहिजे. पडद्यावरची चित्रं पळवणारा भाग तोच. लहान घेतलं की ऐन लढाईत चित्र अडखळतं, आणि अडखळणाऱ्याला कुठलीच टीम ठेवत नाही.

मोठ्या कार्डाला तीन पंखे होते.

"लहानच द्या," ती म्हणाली.

"अहो, आठ दिवसांत काढतील तुम्हाला टीममधून."

"काढू द्या." म्हणाली खरी, पण मोठ्या कार्डाच्या खोक्यावरचा हात काही तिनं उचलला नाही.

सोमेशला ते बघवेना. "आधी ऐका तरी," म्हणत त्यानं दुकानातलं नमुन्याचं मशीन चालू केलं. त्यात हेच कार्ड होतं. त्यानं चांगला जड गेम लावला. पंखे घूं घूं करत चढत गेले. मागचा एक जुना पंखा तर कुठंतरी अडत होता. खटाक खटाक, खटाक खटाक. सोमेश ओशाळला.

"तो एक बदलायचा राहिलाय बघा. बाकी एवढं काही…"

शाइस्ताचा चेहरा उतरला. "एवढ्या आवाजात अब्बा कसे झोपणार?" म्हणत ती मागं वळली.

पीरसाब झोपले होते.

डोकं भिंतीला, तोंड उघडं, हात मांडीवर सैल. रस्त्यावरून एक रिक्षा कर्कश हॉर्न देत गेली. कुणीतरी दारातूनच "पेनड्राइव्ह हाय का?" म्हणून ओरडलं. पीरसाब हलले नाहीत. आठ महिन्यांत तिनं त्यांना असं पाहिलं नव्हतं. ती होती तिथंच उभी राहिली, श्वाससुद्धा जपून घेत.

सोमेश भला माणूस. म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हणून त्यानं हळूच मशीन बंद केलं. पंखे थांबले. दुकान शांत झालं.

पीरसाब ताडकन उठून उभे राहिले. डोळे धड उघडलेही नव्हते, पण उजवा हात पुढं गेला होता, तुटलेला दोरा चाचपत.

"कुटला माग बंद पडला?"

सोमेशला तो प्रश्न कळला नाही. शाइस्ताला कळलं. तेल घातलेला पंखा तिला आठवला, कपाटात ठेवलेलं घड्याळ आठवलं, आणि तिला रडू आलं. तिनं वडलांचा तो हात धरला, त्यांना परत स्टुलावर बसवलं.

"काही नाही अब्बा, लगेच चालू होतोय," ती म्हणाली आणि सोमेशकडं वळली. "दादा, चालू करा. मोठंच कार्ड द्या मला. आणि तो मागचा पंखा बदलू नका, तोच लावून द्या."