एक घोट

पळस्प्याच्या नाक्यावर अनंताच्या चहासाठी लोक मुद्दाम गाडी थांबवायचे. शेजारच्या टपरीवाल्या कुंदनने खोटी तक्रार करून त्याची टपरी उठवली आणि त्याची सगळी गिऱ्हाइकं आपल्याकडे ओढली.

अनंता भांडला नाही. रोज सकाळी ऐन गर्दीत तो कुंदनकडे जायचा, पैसे देऊन चहा घ्यायचा, एक घोट प्यायचा आणि तोंड वाकडं करून उरलेला चहा सगळ्यांदेखत ओतून द्यायचा. बघणारे आपापल्या कपाकडे संशयाने बघू लागले. हळूहळू गर्दी आटली आणि दिवाळीआधीच कुंदनने टपरी गुंडाळली.

त्या दिवशी बायकोनं, साळूनं, विचारलं, "इतका वाईट व्हता का वो त्याचा चा?"

"नाय गं," अनंता कितीतरी दिवसांनी हसला.



"माज्यापेक्षा फक्कड व्हता."